हळदीकुंकू लागलेली नळी

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहागंजात चपलेला टाका घालून घेत उभा होतो. फोन त्याच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि मग, "सकाळी विचारत होते, नळी आली का..."

सोयगावचा रंगनाथ आणि मी एकाच वसतिगृहातले. मी इतिहास शिकवत राहिलो; तो इथल्याच एका संस्थेत सिलिकॉनच्या तारा वाढवू लागला, केसाहून कितीतरी पटींनी बारीक. मला समजावं म्हणून म्हणायचा, "ज्वारी उलटी उगवतीय असं समज. आधी कणीस, मग त्याच्या खालून ताट." कणीस म्हणजे धातूचा थेंब. भट्टीत तो वितळतो, भोवतीच्या वायूतलं सिलिकॉन पितो, पोट भरलं की जास्तीचं खाली सोडतो, आणि थेंब डोक्यावर घेऊन तार उभी राहते. हा थेंब बहुतेक जण सोन्याचा घेतात. रंगनाथचं भांडण नेमकं सोन्याशी होतं. त्याचा अंश तारेत उतरतो आणि विजेच्या कामाला तार नासवतो. त्याला सोन्याच्या जागी कथील हवं होतं.

सोयगावात मात्र त्याच्या आईनं सांगून ठेवलेलं, पोरगा सोन्याचं काम करतो. "मंग सुनंच्या गळ्यात एक मणी वाढंना तो व्हय रे?" तिनं एकदा माझ्यासमोर विचारलं.

"आई, मी सोनं काढून टाकायच्या मागं हाय."

"लई शिकला की असंच व्हतं," म्हातारी मला म्हणाली.

संस्थेतली समज याहून फार वेगळी नव्हती. अतिशुद्ध कथलाची मागणी खरेदी विभागानं परत पाठवली, शेरा असा की ही वस्तू स्थानिक कल्हईवाल्यांकडे उपलब्ध आहे. तरी कथील आलं, आणि एका पावसाळ्यात तारा उगवल्या. सूक्ष्मदर्शकातला फोटो घेऊन तो माझ्याकडे आला. दाट, सरळ, डोक्यावर थेंब... खरंच ज्वारीचं वावर. पण एकदा उगवलेलं विज्ञानात धरत नाहीत. दुसऱ्यांदा तसंच उगवून दाखवायचं होतं. त्याला उरलेल्या आयुष्यात एवढंच हवं होतं.

दुसऱ्या खेपेआधी खंडेनवमी आली. रंगनाथ सोयगावला गेलेला. विभागप्रमुखांनी भट्टीची पूजा ठरवली. फोटोत भट्टी नीट दिसेना, म्हणून जिच्यात तारा वाढायच्या ती आतली क्वार्ट्झची, काचेसारखी नळी काढून पाटावर ठेवली, तिला ओल्या बोटांनी हळदीकुंकू लावलं, हार घातला. ही नळी रंगनाथ हातमोज्याशिवाय धरत नसे, कारण घामातलं मीठसुद्धा तापल्यावर तिला खातं. कुंकवात तर हळद लाल करणारा पापडखार, तो मिठाहून वाईट. रंगनाथ चिडेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणीतरी नळी नळाच्या पाण्यानं धुऊन, ओल्या फडक्यानं पुसून जागच्या जागी बसवली. त्यानं आल्यावर भट्टी पेटवली. नळीवर पांढरे डाग उमटले आणि निवताना ती तडकली.

जाब विचारायला गेला तर प्रमुख म्हणाले, "रंगनाथराव, देवाचं केलेलं कधी वाया जात नाही."

"नळी गेली, सर."

"ती दुसरी मागवू."

दुसरी मागवणं म्हणजे दरपत्रकं, समिती, समितीतल्या एकाची बदली, मग नवी समिती... यात त्याचं हृदय थकलं. मी चिडून म्हणायचो, "अरे, भांड की." तो म्हणायचा, "भांडून तार उगवत असती तर मराठवाड्यात जंगल झालं असतं."

नळी त्याच्या दहाव्यानंतर आली. शोकसभेत प्रमुखांनी त्याला 'सोन्याच्या तारांचा जादूगार' म्हटलं. फलकावरही तेच, सोनेरी अक्षरांत. शेजारी बसलेल्या कुसुमवहिनी हळूच म्हणाल्या, "कथील होतं ना हो, भाऊजी?"

परवा मी मुद्दाम विभागात गेलो. दारातच त्याची तसबीर, खाली काचेचं कपाट आणि कपाटात मखमलीवर ती नवी नळी. मी प्रमुखांना विचारलं, "ही भट्टीत कधी घालणार?"

"छे, छे! रंगनाथरावांची आठवण आहे ती."

कपाटाला कुलूप आहे. वर पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'. नळी अगदी स्वच्छ आहे. एक डाग नाही.