न वाजणारी बाटली

बाटली कानाशी धरून ती हलवायची आणि विचारायची, “म्याडम, वाजत नाय ना?” गोळ्यांची प्लास्टिकची बाटली दप्तरात खुळखुळते, म्हणून ती आत कापसाचा बोळा कोंबत असे. एकदा शेजारच्या मुलीने “खाऊ आणलास का गं?” म्हणत तिच्या दप्तरात हात घातला होता. तेव्हापासून कापूस.

मी पनवेलच्या एका औषध-केंद्रात समुपदेशक होते, आणि ती तिथे गोळ्या न्यायला येणारी शाळकरी मुलगी. तिला एच.आय.व्ही. जन्मापासून होता. आईवडील गेल्यावर सुकी मासळी विकणाऱ्या मावशीने तिला वाढवले. लहानपणी “रक्त वाढायचं औषध” म्हणून ती गोळ्या मुकाट्याने घेई. आजाराचे खरे नाव कळले तेव्हा ती नववीत होती. माहिती मिळाली की माणूस औषध नीट घेतो, असे आपण धरून चालतो. तिच्या बाबतीत नेमके उलटे झाले.

तरी तिचा थट्टेखोर स्वभाव गेला नाही. घरात मावशीखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून बाटली विकायच्या सुकटीच्या डब्यात लपवलेली असे. “माज्या गोळीला जवल्याचा वास येतो,” ती म्हणे. “त्या रोगाला पन येत असंल, बिचाऱ्याला.”

मग मावसभावाचे लग्न निघाले. आपल्याकडची हळद तुम्ही पाहिली असेल: सारे गणगोत मुक्कामाला, बँजो, आणि घरात एकटीने घोटभर पाणी पिण्याइतकाही आडोसा नाही. सुकटीच्या डब्यासमोरच पाहुण्या बायकांची अंथरुणे होती. तेवढे दिवस तिने गोळी घेतलीच नाही.

“आनि काय झालं नाय, म्याडम! हळदीला नाचली मी. दमली पन नाय.”

मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी समजावून सांगू लागले. गोळी चुकली तरी शरीर लगेच तक्रार करत नाही. विषाणू गप्प राहून वाढत असतो. पुढे तीच गोळी त्याच्यावर चालेनाशी होते. तिने सगळे ऐकून घेतले.

“तो गप हाय ना? मंग मला पन गप बसू द्या.” बाटलीत कापूस कोंबत ती म्हणाली, “घरात कोन बोलत नाय. शाळेत कोन बोलत नाय. ती गोळीच रोज सांगते, तू आजारी हायस म्हनून.”

पुढच्या वर्षभरात ती वाळत गेली. गोळ्या चुकताहेत हे रक्ताचे अहवाल आम्हाला सांगत होते, ती मात्र “घेते ना मी” एवढेच सांगत राहिली. घरी येऊ का, असे विचारले की घाबरून म्हणे, “नको. शेजारी इचारतील, कोन आलेलं?” शेवटी खोकल्याने तिने अंथरूण धरले, आणि दहावीचा वर्ग तिच्यावाचून पुढे गेला.

ती गेल्यावर काही दिवसांनी मावशी केंद्रात आली. पिशवीतून तिने बाटली काढली आणि भाचीसारखीच कानाशी धरून हलवली.

“बगा, वाजत नाय. म्हंजे संपवली ना बाय, पोरीनं? घेत व्हती ना माजी पोर?”

मी बाटली हातात घेतली. ती रिकामी नव्हती, हे वजनावरूनच कळले. झाकण मी उघडले नाही.

“घेत होती,” मी म्हणाले.

मावशीने पदराने डोळे पुसले आणि बाजाराची वेळ झाली म्हणून ती उठली. ती जिना उतरेपर्यंत मी थांबले, मग बाटली टेबलाच्या खणात ठेवली. खण ढकलला, तरी ती वाजली नाही. खोलीभर सुकटीचा वास मात्र संध्याकाळपर्यंत राहिला.