आमच्या सर्व्हरचा निरोप समारंभ

“फेटेवाला आलाय, पेढे आलेत, आन् आता तू म्हणतीस बटण दाबायचं न्हाई?” साहेब उखडले.

“दाबायचं की. पण दोन-तीन दिवसांनी.”

“पावणं दारात हाईत, सुजाता!”

कोल्हापुरात इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी कारखान्यांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळायची, आणि मशीन सांभाळायची मी. त्या दिवशी आमचा जुना नेमसर्व्हर निवृत्त होणार होता. नेमसर्व्हर म्हणजे पत्ता सांगणारं मशीन. कुणी मेल पाठवली की त्याचा कॉम्प्युटर आधी ह्याला विचारतो, ह्या कंपनीची मेल कुठे टाकू? नियमाने असे दोन लागतात. आम्ही नावं दोन दिली होती, मशीन एकच. चालून गेलं होतं.

आता मुंबईला खरेखुरे दोन घेतले होते. कुणाला विचारायचं हे सगळ्यांना सांगणारी एक यादी इंटरनेटवर असते; सकाळीच मी त्यातून जुनी नावं काढून नवी घातली. पण ज्या कॉम्प्युटरांनी जुनी यादी आधीच वाचलीय, ते एक-दोन दिवस तीच धरून बसतात आणि जुन्यालाच विचारत राहतात. तो गप्प झाला की त्यांची मेल अडकली.

प्रमुख पाहुणे होते आबा. त्यांची शिरोलीला फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आणि मेल आमच्याकडेच. जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग त्याच संध्याकाळी त्यांना मेलवर येणार होतं. ते मिळालं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. म्हणजे आबा फेटा बांधून स्वतःचीच मेल बंद करायला आले होते!

साहेबांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सत्कार म्हटलं की त्यांना काही ऐकू येत नाही. मी मशीनला हार घातला, चांगला जाडजूड, खालचं बटण झाकलं जाईल असा. आणि आबांना मॉनिटरचं बटण दाखवलं.

आबांनी ते दाबलं. पडदा काळा. टाळ्या. साहेबांचे तर डोळे पाणावले.

आबा मात्र खाली वाकले. “पंखा फिरतोय की गं ह्याचा.”

मी हळूच विचारलं, “आबा, ड्रॉइंग पाहिजे का समारंभ?”

“ड्रॉइंग.”

“मग टाळ्या वाजवा.”

आबांनी साहेबांकडे एकदा बघितलं, फेटा सावरला आणि भाषणच ठोकलं. “लई राबलं हे मशीन. आता त्येला इश्रांती!” मशीन हाराखाली घुमत होतं.

संध्याकाळी ड्रॉइंग आलं. मी नोंदी तपासल्या. जर्मनीहून विचारणा जुन्याकडेच आली होती. खरं बटण दाबलं असतं तर ऑर्डर गेलीच होती. मी एकटीच खदाखदा हसले.

पुढे रोज बघत गेले, अजून कोण विचारायला येतंय. येणारे कमी झाले, मग कुणीच येईना. तेव्हा साहेब बाहेरगावी असताना आबांना बोलावलं आणि खरं बटण दाखवलं. आबांनी दाबलं. पंखा थांबला. एक फोन वाजला नाही, एक मेल अडकली नाही.

आबा वाट बघत उभेच. “काय बी झालं न्हाई की!”

“व्हायचंच नसतं, आबा.”

“गप गं. परत टीव्हीच बंद करायला लावलास मला. पंखा तूच काढून ठेवला असशील.”

मी शपथ घेतली तरी त्यांचा विश्वास बसला नाही. सर्व्हर नीट बंद केला तर काहीच घडत नाही, त्यामुळे त्याला टाळ्याही पडत नाहीत. टाळ्या हव्या असतील तर मॉनिटर बंद करावा.