एकशे बावीस अंश

माझ्या दादाने नोकरीची बत्तीस वर्षं एका काट्याकडे बघण्यात घालवली. बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर होता तो. भट्टीच्या तोंडाशी गोल थर्मामीटर, त्यात काटा, आणि काट्यासमोर स्टुलावर दादा. निवृत्त होताना इतरांना घड्याळ मिळतं, शाल मिळते. याला भट्टीवरच्या लोकांनी तो जुना थर्मामीटर घासूनपुसून, लाकडी फळीवर बसवून दिला. म्हातारा रडला होता तेव्हा. आणि आठ दिवसांत त्याने तो फळीवरून उचकटून परसातल्या पिंपाला बसवला.

पिंप म्हणजे तेलाचं लोखंडी पिंप. आडवं कापलेलं, बिजागरी लावलेलं, एका बाजूला निखारे, वर जाळी, जाळीवर मांस. झाकण लावायचं आणि धुरावर तासन्‌तास मंद शिजू द्यायचं. दादा ते काम इतक्या गंभीरपणे करतो की बघणाऱ्याला वाटावं, इथे ऑपरेशन चाललंय. झाकण उघडून डोकावायची कुणाला सोय नाही. वहिनीने एकदा सुरी घेऊन कोंबडीच्या मांडीशी कापून बघायला हात घातला, तर केवढा ओरडला तिच्यावर! "भट्टीत कधी कुणी हात घालून बघतं का? काटा आहे ना! एकशे वीस अंश, अडीच तास. झालं!"

तर त्या रविवारी मी वर्षभराने दादाकडे जेवायला गेले होते.

वर्षभराने का, तेही सांगून टाकते. गेल्या वर्षी याच पिंपातली कोंबडी खाऊन आम्ही चौघं आजारी पडलो. बाकीचे दोन दिवसांत उठले, मी चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडले. दादाचं डोकं फिरलं. तडक गेला पैलवानाच्या दुकानात. पैलवान म्हणजे आमचा चिकनवाला. काडीसारखा बारीक माणूस, पण शाळेपासून सगळे त्याला पैलवानच म्हणतात. दादाचा तेव्हापासूनचा दोस्त. मला लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून फिरवणारा. त्या माणसाला दादाने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं, "शिळी कोंबडी विकलीस. माझी बहीण मरता मरता वाचली." पैलवान एवढंच म्हणाला, "सकाळी कापलेली होती रे. तुझ्यासमोर कापली होती." दादाने ऐकून घेतलं नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. पैलवानाचं गिऱ्हाईकही निम्म्याने आटलं म्हणे.

त्या दिवसापासून दादाला चैन नव्हती. बोलायचा नाही, पण बाजारात जाताना पैलवानाची गल्ली टाळून लांबून वळसा घालायचा. मी मात्र धुरावरचं काही खायचंच सोडून दिलं होतं. शेवटी वहिनीचा फोन आला, "तू आलीस तर यांना बरं वाटेल गं. दुसऱ्या दुकानातून आणतोय." म्हटलं, जाऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

मी पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कोंबडी पिंपात जाऊन पाऊण तास झालेला. आणि दादा पिंपाभोवती पिंजऱ्यातल्या वाघासारखा फेऱ्या मारतोय.

"काय झालं रे?"

"काच बघ."

बघितली. थर्मामीटरच्या काचेवर आतून वाफ धरली होती. थेंबच्या थेंब. आकडे नाहीत, काटा नाही, नुसतं पांढरं. दादाने शर्टाच्या बाहीने पुसलं, बोटाने टिचक्या मारल्या, वाकून तिरकं बघितलं. आतली वाफ बाहेरून कशी पुसली जाणार? पण हे त्याला सांगणार कोण?

"काटा दिसत नाही," तो म्हणाला, "तर आग बंद." आणि खरोखरच चिमट्याने एकेक निखारा बाहेर काढून पाण्याच्या बादलीत बुडवायला लागला. कारखान्याचा नियम! वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, अर्धीकच्ची कोंबडी आहे आत! हिला काय वाढू, बिस्किटं?" तिने कोंबडी उचलली आणि सरळ कुकरमध्ये टाकली. कुकरचं झाकण लावताना काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही.

दादाने मागची चकती सोडवून थर्मामीटर काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला. काचेखालची रबराची रिंग हाताला लागताच तिचे तुकडे पडले. "हं. इथून पाणी जातंय." जाणारच! दर वेळी काम झालं की हा मनुष्य बागेची नळी लावून अख्खं पिंप धुतो, थर्मामीटरसकट. स्वच्छतेचा भारी सोस. मी म्हटलं, "तूच पाजलंस की रे त्याला पाणी." त्याला हसू आलं नाही.

मग माझ्या पर्समधला केस वाळवायचा ड्रायर बाहेर निघाला. (हो, मी तो बरोबर ठेवते, कुणाला काय करायचंय?) दहा मिनिटं गरम हवा मारल्यावर वाफ कडेने हटत हटत गेली. आधी आकडे दिसले, मग काटा. आत स्प्रिंगवर तांबूस गंज. दादा त्या गंजाकडे बघत राहिला. पाय हलवत होता, टेबल थरथरत होतं.

"लाव की आता," मी म्हटलं.

"लावतो." पण लावेना. "गंज धरलाय. अडकत असला तर?"

"मग उकळत्या पाण्यात घालून बघा," वहिनी ओट्यापासूनच म्हणाली. "पाणी काही खोटं बोलत नाही."

बत्तीस वर्षांत दादाने ही गोष्ट कधी केली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. कारखान्यात दर सहा महिन्यांनी तपासनीस यायचा, काटा तपासायचा, शिक्का मारून जायचा. दादाचं काम बघायचं. काटा खरा की खोटा, हे ठरवणारा माणूस दुसराच होता. घरी आणल्यावर त्याला शिक्का मारायला कोण येणार?

पातेलं खळखळायला लागलं. दादाने थर्मामीटरची दांडी पाण्यात धरली. काटा चढला. शंभर झाले. थांबला नाही. एकशे दहा. एकशे वीस. एकशे बावीसवर जाऊन उभा राहिला.

"पाणीच जास्त तापलंय," दादा म्हणाला.

वहिनीने नुसतं बघितलं त्याच्याकडे.

त्याने पातेलं बदललं. पाणी बदललं. गॅसची शेगडीसुद्धा बदलली, डावीकडची सोडून उजवीकडची. एकशे बावीस. मग फ्रीजमधला बर्फ काढून वाडग्यात घातला, थोडं पाणी ओतलं, हलवलं, दांडी बुडवली. तिथे शून्य यायला हवं होतं. आले बावीस.

हिशोब तिघांनाही येत होता. काटा एकशे वीस दाखवायचा तेव्हा पिंपात जेमतेम अठ्ठ्याण्णव असायचे. अडीच तास झाले की दादा कोंबडी बाहेर काढायचा आणि ती हाडाशी कच्ची असायची. गेल्या वर्षीही तशीच होती.

"म्हणजे पैलवान..." दादाने एवढंच म्हटलं आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला. पुन्हा बसला. पुन्हा उभा राहिला. चपला शोधायला लागला, त्या पायातच होत्या.

आणि आता माझंही सांगते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, "कोंबडी. पैलवानाच्या दुकानातली." दादाच्या पिंपातली, असं म्हटलं नाही. दादा उशाशी उभा होता, रडवेला. त्याचं नाव घ्यायला जीभच वळली नाही. पैलवानाचं नाव पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं होतं. दादाने ते तिथूनच उचललं.

"मी येते," मी म्हटलं.

दादा दुकानात थर्मामीटर घेऊन गेला, थर्मासमध्ये उकळतं पाणीही घेऊन. चारपाच गिऱ्हाइकं उभी होती. पैलवानाने वर बघितलं, मग परत सुरी चालवायला लागला. दादाने फळीवर पेला ठेवला, पाणी ओतलं, दांडी बुडवली आणि गेल्या वर्षी ओरडला होता तेवढ्याच मोठ्यांदा म्हणाला, "सगळ्यांनी बघा. पाणी शंभरच्या वर जात नाही, आणि हा एकशे अठरा दाखवतोय! घरी एकशे बावीस दाखवत होता, वाटेत पाणी गार झालंय. काटा माझा खोटा होता. कोंबडी याची ताजी होती. मी कच्ची खायला घातली."

पैलवानाने सुरी पुसली. "पाणी उकळायला वर्ष लागलं तुला?"

मग पैलवान माझ्याकडे वळला. "तुम्ही कशा आलात, बाई?"

सायकलवर बसवणारा माणूस मला बाई म्हणाला. मी म्हटलं, "दवाखान्यात तुझं नाव मी सांगितलं होतं. दादाने नाही."

त्याने सुरी पुन्हा उचलली. मागून कुणीतरी खाकरलं. "काय हवंय ते सांगा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"एक कोंबडी. आख्खी," दादा म्हणाला. "आणि तू जेवायला ये."

"दुकान आहे."

दुपारी पिंप पुन्हा पेटलं. थर्मामीटरच्या जागी दादाने भोकात लाकडाची खुंटी ठोकली होती. दर अर्ध्या तासाने वहिनी सुरी घेऊन जायची आणि दादा झाकण धरून उभा राहायचा, निमूटपणे. चारच्या सुमाराला तिने मांडीशी हाडापर्यंत कापलं. रस स्वच्छ आला. "झाली."

पहिला तुकडा माझा, असं ठरलं होतं. मी तो डब्यात घातला आणि एकटीच निघाले.

दुकानात संध्याकाळची गर्दी सुरू होत होती. पैलवानाने डबा उघडला, वास घेतला, फळीवर सुरीने तुकड्याचे दोन केले. एक माझ्यापुढे सरकवला. गिऱ्हाइकं बघत होती, त्यांच्यातली निम्मी गल्लीतलीच.

"आधी तू खा," तो म्हणाला.

मी तिथेच, फळीशी उभी राहून, सगळ्यांसमोर खाल्ला. मग त्याने खाल्ला.