साइडकारमध्ये मी

मोटारसायकल त्यांची, पण तिची आजारपणं आमच्या अंगणात निघायची. साठ साल नुकतंच लागलं होतं. आम्ही कुवेतमध्ये अहमदीला तेलकंपनीच्या घरात राहत होतो आणि माझा नवरा तिथल्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. मोटारसायकलचे मालक कुवेत शहरात, दस्मानला, एका कचेरीत कारकून होते. मी त्यांना मनातल्या मनात दस्मानवाले म्हणायची, तोंडावर भाई. गावाकडच्या आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठचे. त्यांच्या आजोबांची कधीकाळी दोन गलबतं होती म्हणे. गलबतं कधीच बुडाली, पण नातवाची छाती अजून शिडासारखी फुगलेली.

मायदेशी परतणाऱ्या कुठल्याशा इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती मोटारसायकल घेतली होती. काळी, जुनी, बाजूला साइडकार जोडलेली. दरवर्षी मुरूरच्या, म्हणजे वाहतूक पोलिसांच्या, आवारात तिची तपासणी व्हायची आणि तिथून पास झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढता यायची नाही. तपासणी जवळ आली की दस्मानवाले शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून दारात हजर.

"भाबी, चहा ठेवा. आज तुमच्या नवऱ्याच्या हाताला काम आणलंय."

जणू आठवडाभर माझा नवरा हात बांधून बसला होता.

मग हे जमिनीवर बसून चाक खोलायचे आणि ते माझ्या खुर्चीवर बसून पायावर पाय टाकायचे. माझं रॉकेल जायचं, माझी जुनी लुगडी चिंध्या होऊन जायची. सायलेन्सरचं भोक बुजवायला एकदा माझा डालड्याचा डबा कापला, तोही विचारल्याशिवाय. ते साहेबाच्या गोष्टी सांगायचे. साहेब कसा म्हणाला, ही गाडी फक्त खानदानी माणसाला देईन. साहेबाला मी पाहिलं नव्हतं, पण गाडीची दशा पाहून एवढं कळत होतं की खानदानी माणूस मिळेपर्यंत त्याने बरीच वाट पाहिली असावी.

त्या वर्षी ह्यांनी मागचं चाक काढलं आणि ब्रेकचे लायनर हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"भाई, यात आता काही राहिलं नाही. नवीन घालायला हवेत."

"नवीन कशाला? तपासणी एक दिवसाची. पोलीस काय चाक खोलून बघणार आहे?"

"पण नंतर?"

"नंतरचं नंतर. मी कधी जोरात चालवतो का?"

आणि पिशवीतून त्यांनी काय काढलं, तर पितळी भोंगा. चांगला हातभर लांब. शिवाय टाकीसाठी रंगाचा डबा आणि चकाकी आणायचं मलम. थांबायला काही नको, फक्त वाजायला आणि चमकायला हवं! आमच्या ह्यांनी लायनरवर खरखरीत कागद घासला, तार आवळली आणि भोंगा बसवून दिला. "नाही" हा शब्द माझ्या नवऱ्याला आईने शिकवलाच नव्हता. त्या माणसाचा मला राग यायचा, पण चिडचिड ह्यांच्यामुळे जास्त व्हायची.

रंग सुकल्यावर दस्मानवाल्यांनी नवी टूम काढली. "गाडी आवारात तू चालव. तुझा हात सफाईदार आहे. आणि भाबींना साइडकारमध्ये बसव. बाई माणूस बरोबर असलं की पोलीस फार चौकशी करत नाहीत. अदब ठेवतात."

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हटलं, "मी काय स्पेअर पार्ट आहे?"

ते हसले. हे माझ्याकडे असे बघू लागले की शेवटी मी बुरखा चढवला. जाऊन बसले त्या डब्यात.

आवारात टॅक्सी आणि लॉऱ्यांची रांग होती. ऊन, धूळ, सगळीकडे डिझेलचा वास. दस्मानवाले टॅक्सीने आमच्या आधीच पोहोचले होते. इस्त्रीची पँट, डोळ्यांवर गॉगल, गाडीचे कागद खिशात. फाटकाजवळच्या सावलीत ते उभे राहिले. तपासणारा पोलीस वयस्कर होता, मिशा पिकलेल्या. मला पाहून त्याने खरोखरच मान खाली घातली. दिवा पाहिला, भोंगा वाजवायला लावला. भोंगा असा ओरडला की रांगेतले ड्रायव्हर खिडकीतून डोकावले. मग पोलिसाने हाताने खूण केली, पुढे जा, आणि त्याने हात वर केला की थांबायचं.

आम्ही पुढे गेलो. त्याने हात वर केला.

"ओगफ!" तो ओरडला. थांब.

ह्यांचा पाय ब्रेकवर दाबलेला मला दिसत होता. गाडी थांबली नाही. समोर रिकाम्या पिंपांची चळत होती. ह्यांनी हँडल वळवलं, त्यामुळे ते वाचले आणि माझी साइडकार पिंपांत घुसली. पिंपं गडगडत गेली. माझा गुडघा पत्र्यावर आपटला आणि तोंडातून आईची आठवण निघाली. कुणीतरी हसलं.

पोलीस धावत आला. आधी मला विचारलं, "बहिणी, लागलं का?" मग ह्यांच्याकडे वळून गरजला, "ही गाडी कुणाची?"

ह्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. "त्यांची."

पोलिसाने दस्मानवाल्यांना हाक मारली. ते दोन पावलं पुढे आले, पिंपांकडे पाहिलं, पोलिसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ अरबीत म्हणाले, "मी ह्यांना ओळखत नाही." आणि फाटकाबाहेर चालते झाले. खिशात गाडीचे कागद, पोटात माझा चहा.

माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. तो भांडला नाही, हाकही मारली नाही. पोलिसाने गाडी आवारात ठेवून घेतली. ज्याच्याकडे कागद असतील त्याने ते घेऊन यावं, म्हणाला. आम्ही बसने घरी आलो. मी लंगडत होते.

संध्याकाळी दस्मानवाले दारात. गॉगल नव्हता.

"माझी मोटारसायकल कुठाय?"

"कुठली मोटारसायकल?" मी विचारलं.

"भाबी, मस्करी नको. तिथे मी बोललो तो नाइलाज होता. माझी नोकरी कचेरीतली, इज्जतीचा प्रश्न. तुझं काय रे, तू वर्कशॉपचा माणूस. उद्या जाऊन सोडवून आण."

हे उठायला लागले. खरंच सांगते, उठायला लागले! मी दारात आडवी झाले.

"हे येणार नाहीत. पोलीस मालकाची वाट बघतोय. तुम्ही जा, आणि आज ओळख नव्हती, उद्या कशी झाली, तेही त्याला सांगा."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पुन्हा खाली बसले आणि बोटांची नखं साफ करू लागले. दस्मानवाले आमच्या गावाबद्दल आणि बायकांच्या जिभेबद्दल काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

पुढे ती त्यांनी स्वतः सोडवून आणली. पोलिसाने ती चालवू दिली नाही, तेव्हा रस्त्यापर्यंत ढकलत नेली, असं एका टॅक्सीवाल्याने ह्यांना सांगितलं. नंतर एका भंगारवाल्याने नेली. आमच्याकडचे शुक्रवार शांत झाले. ह्यांना मात्र ते सोसवेना. "भाई आले नाहीत बरेच दिवस," असं म्हणून ते रस्त्याकडे बघत बसायचे. मी गुडघ्याला हळद लावत बसायची.

त्यानंतरच्या ईदला नमाज पढून परतताना ह्यांना दस्मानवाले वाटेत भेटले. हात पसरून म्हणाले, "अरे, माझा भाऊ!" माझ्या नवऱ्याने त्यांना तीनदा मिठी मारली, आणि घरी येऊन मला सांगितलं की भाई वाळले आहेत फार, शिरखुर्मा पाठवू या का थोडा.

मी भांड्यावर झाकण ठेवलं.