अर्धा वाटा वांगी

एकट्या माणसानं आठवडी बाजार कसा करायचा, कुणी सांगाल का?

हे वारले, पोरं पुण्याला. आज सेलूच्या बाजारात वांग्याचे वाटे स्वस्त होते, पण एक वाटा घेतला की मला आठवडाभर वांगीच खावी लागतात. भाजीवालीला म्हणलं, "अर्धाच दे गं."

"वाटा मोडत न्हाई मावशी. उरलेला कुणाला देऊ?"

शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मला द्या. मी बी एकलाच हाय."

आम्ही तिथंच वांगी वाटून घेतली. एक जास्तीचं त्यांनी माझ्याच पिशवीत टाकलं आणि निघून गेले. नावही विचारायचं राहिलं.

आता भाजी शिजायलीय. लय दिवसांनी मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाच्या ताटात आज काय असेल.