लाकूड नको म्हणाली होती

बायको चैत्रात गेली. त्या वर्षी पुण्यात भारनियमन जोरात. विद्युतदाहिनीपाशी पोचलो तर तिथला माणूस म्हणाला, "लाइट नाही. संध्याकाळशिवाय येत नाही. जनरेटर बिघडलाय. लाकडावर उरकून घ्या."

"नाही," मी म्हणालो.

तिनं बजावलं होतं. साताऱ्याकडच्या पठारावरची ती, पोरवयात रोज डोक्यावर मोळी. "जन्मभर झाडं जाळली, जाताना आणखी नको," म्हणायची.

तिच्याच माहेरच्या पठारावर मी पवनचक्क्या उभ्या केल्या. शिक्षण चौथी, काम क्रेनवर. सरकारचं नवं धोरण आलं, पवनचक्की घेणाऱ्याला करात सूट मिळाली आणि ज्यांनी पठार डोळ्यांनी पाहिलं नव्हतं ते कारखानदार तिथले मालक झाले. रस्त्यासाठी डोंगर फोडला, त्यात तिच्या माहेरचा झरा बुजला. तेव्हा ती म्हणाली, "अहो, धूर नाही हे खरं. पण पाणी गेलं ते गेलंच की."

मेव्हण्यानं चक्कीला जमीन दिलेली. तो माझ्याशेजारी बसला होता.

"दाजी, एवढ्या चक्क्या हुब्या केल्या, आता फिरवा की एखादी!"

"चैत्रात वारा पडतो. आखाडात ये, गरागरा फिरतात."

"मग आक्काला आखाडापतूर ठिवायची व्हय?"

आम्ही दोघंही हसलो. मग तो उपरणं तोंडाला लावून रडला.

गुरुजी म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं."

"उशीर तुम्हाला होतोय की तिला?"

गुरुजी खांबाला टेकून बसले.

मुलगा आयटीत. संध्याकाळी त्याचा अमेरिकेचा कॉल. "बाबा, वारा पडलाय म्हणजे येणारी वीज बहुतेक कोळशाचीच. लाकूड नको म्हणून कोळसा जाळायचा, याला काय अर्थ आहे?"

बोलला ते खोटं नव्हतं. वारा सुटला की कोळसा कमी लागतो, पडला की भट्ट्या पुन्हा पेटवायच्या. आणि एकदा तारेत शिरल्यावर वाऱ्याची कुठली, कोळशाची कुठली, धरणाच्या पाण्याची कुठली, कोण निवडणार?

"तुझी आई हिशेब सांगून गेली नाही. लाकूड नको म्हणाली. तुला घाई असेल तर जा."

तो तरातरा बाहेर गेला. मला वाटलं, गेला. आला तो खांद्यावर बर्फाची लादी घेऊन, शर्ट भिजलेला. आईच्या कडेनं बर्फ लावत बसला. फोन वाजला तेव्हा त्यानं तो बंद करून खिशात टाकला.

ऊन कललं तेव्हा डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. सगळे माना वर करून बघत राहिले.

दाहिनीवरचा माणूस म्हणाला, "भट्टी तापायला वेळ लागेल हो. मधेच पुन्हा लाइट गेली तर?"

"तर पुन्हा बसू," मुलगा म्हणाला.

मी मेव्हण्याला सरकायला सांगितलं आणि पोराला माझ्याजवळ बसवून घेतलं.