ओढ्यापलीकडचं कुरण

आमच्या ड्रमगारा गावात आधी डिंफ्ना बॉयलनचा आवाज येतो, मग डिंफ्ना. ती गाईंना हाका मारते, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते, आणि सकाळी माझ्या दारावर काठी आपटून म्हणते, "उठा राजेसाहेब, चहा तुमच्यासाठी थांबणार नाही."

मी तिच्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. उभं आयुष्य मी तंबूतल्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो आणि बरेचदा राजाच झालो. मुकुट पुठ्ठ्याचा होता हे डिंफ्नाला माहीत आहे, म्हणून ती 'राजेसाहेब' जरा जास्तच वाकून म्हणते.

तिची जमीन ओढ्याच्या अलीकडे आहे. ओढ्याच्या अलीकडे आयर्लंडचं प्रजासत्ताक, पलीकडे ब्रिटनचं उत्तर आयर्लंड. गाईंना ते ठाऊक नाही आणि बगळ्यांनाही नाही. तिचं शेत म्हणजे चढ, दगड आणि पाणथळ. गाई उन्हाळाभर त्यावर चरतात, पण हिवाळ्यासाठी साठवावं इतकं गवत तिथं होत नाही. ते गवत येतं पलीकडून, आयव्हर नेस्बिटच्या कुरणातून. आयव्हर म्हातारा, एकटा, गाठीला थोड्या मेंढ्या. त्याला आता कापणी झेपत नाही. डिंफ्ना आपला ट्रॅक्टर नेते, कापते, वाळवते, गठ्ठे बांधते. अर्धं गवत त्याचं, अर्धं तिचं. तिच्या सासऱ्यापासून हे असंच चालत आलं आहे.

आणि याबद्दल कधीच कुणी एक शब्द बोललेलं नाही.

रीत अशी, की संत ब्रिजिडच्या सणाच्या, म्हणजे एक फेब्रुवारीच्या, आदल्या दिवशी डिंफ्ना ओढा ओलांडून त्या कुरणाच्या पाणथळ कोपऱ्यात जाते आणि लव्हाळी उपटते. उपटायची, विळा लावायचा नाही. घरी येऊन ती त्यांचा क्रूस विणते आणि सणाच्या दिवशी आयव्हरकडे नेते. आयव्हर प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन पंथाचा, चर्चचा वडीलधारा माणूस. संतांशी त्याला काही घेणंदेणं नाही. पण तो क्रूस घेतो, गोठ्याच्या तुळईवर जुन्या क्रूसांच्या रांगेत ठोकतो आणि दरवर्षी म्हणतो, "हा माझ्यासाठी नाही हं, मेंढ्यांसाठी."

"मेंढ्या कॅथलिक आहेत का?" डिंफ्ना विचारते.

"त्यांना मी विचारलेलं नाही."

मग चहा होतो. निघताना आयव्हर दारात उभा राहून आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, "गवत यंदा लवकर येईलसं दिसतंय." किंवा, "उशिरा येईलसं दिसतंय." झालं. कुरण त्या वर्षापुरतं तिचं.

मी हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. इतक्या कमी संवादात इतका मोठा प्रवेश मला रंगमंचावर कधी जमला नाही.

तो हिवाळा मात्र वाईट होता. आदल्या उन्हाळ्यात पाऊस पडला नव्हता, गवत करपलं होतं. वाळक्या गवताचा एक गठ्ठा मिळवायला लोक तीन तीन जिल्हे फिरत होते. आणि वरून ते ब्रेक्झिट. ब्रिटन युरोपच्या बाजारातून बाहेर पडणार, मार्च संपता संपता पडणार, पण कसा पडणार ते कुणालाच माहीत नाही. रोज सकाळी रेडिओवर नवा माणूस नवं सांगायचा. एक म्हणायचा, ओढ्यावर काहीच बदलणार नाही. दुसरा म्हणायचा, पलीकडून येणारं दूध, कोकरू, गवताची काडीसुद्धा तपासावी लागेल.

"काडी?" डिंफ्ना रेडिओला म्हणाली. "प्रत्येक काडी? ये बाबा, मोजायला ये. मी तुला स्टूल देते."

दुधाचा टँकर घेऊन पॅकी डॉलन येतो. तो ओढ्याच्या दोन्ही बाजूंचं दूध एकाच टाकीत गोळा करतो आणि दोन्ही बाजूंच्या अफवासुद्धा. तो स्वयंपाकघरात सोडा ब्रेडवर लोणी थापत म्हणाला, "मी एका साहेबाला विचारलं, माझ्या टाकीतला राणीचा थेंब कुठला आणि आपला कुठला ते कोण ओळखणार? तो म्हणाला, त्याच्यावर समिती बसली आहे."

"दुधावर बसली आहे की लोण्यावर? तू जरा कमी घे."

"हस बाई. पण पुलाजवळ माणसं रस्ता मोजताना दिसली म्हणतात."

डिंफ्नाचा हात कपावर थांबला.

रस्ता मोजणं म्हणजे काय, ते आमच्या वयाच्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या अशांततेच्या काळात ब्रिटिश सैन्यानं हा रस्ता सुरुंग लावून उडवला होता. रविवारी गावातली माणसं चर्चमधून निघून फावडी घेऊन खड्डा भरायची, कंपनी जवळपास असली की मीही; सैन्य पुन्हा उडवायचं. आयव्हर तेव्हा तरुण होता. रविवार देवाचा, त्या दिवशी तो फावड्याला हात लावणार नाही, म्हणून सोमवारी सकाळी एकटाच यायचा आणि आम्ही भरलेलं चोपून सपाट करून जायचा. त्याआधी जकातीची चौकी होती. तिथला शिपाई आमच्या कंपनीच्या पेट्या उघडायचा. एकदा त्यानं माझा मुकुट उचलला आणि किंमत विचारली. मी म्हणालो, "एक राज्य." तो म्हणाला, "मग इथं थांबा, साहेबांना विचारून येतो." आणि खरोखर विचारायला गेला. आज त्यावर हसू येतं. पण त्या चौकीवर पावसात उभं राहून आमचे किती प्रयोग बुडाले, ते विसरलेलो नाही.

ब्रिजिडच्या आदल्या दिवशी दुपारी डिंफ्ना लव्हाळी आणायला गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली.

मी अंगणातच होतो. "काय झालं?"

"काही नाही."

डिंफ्ना 'काही नाही' म्हणाली म्हणजे घर पडलं असणार. मी तिच्या मागोमाग आत गेलो. ती बूट न काढताच खुर्चीवर बसली.

"कोपराच नाही," ती म्हणाली. "लव्हाळ्यांवर दगड टाकलेत. ट्रकभर दगड. जेसीबी उभा आहे, पिवळ्या जाकिटातली दोन माणसं आहेत, आणि फाटकाला साखळी. नवी साखळी, राजेसाहेब. त्या फाटकाला मी सून होऊन आले तेव्हापासून दोरी होती."

"आयव्हर होता का?"

"होता ना. हात करून त्यांना दाखवत होता, इथं टाका, तिथं टाका. मला बघितलं नाही त्यानं. मीच वळले."

"चौकीसाठी असेल असं वाटतं तुला?"

"लॉऱ्या उभ्या करायला सपाट जागा लागणारच. रस्त्याला लागून त्याचंच कुरण आहे. चांगला भाव देत असतील." मग थोड्या वेळानं, "घेऊ दे ना. म्हातारा माणूस आहे, एकटा आहे. मी कोण त्याला सांगणार?"

"अगं, मग विचार त्याला."

ती माझ्यावर जवळजवळ ओरडली. "काय विचारू? कुरण माझं आहे का म्हणून? ते कधी माझं होतं? विचारलं की भीक झाली. आणि तो नाही म्हणाला, तर पुन्हा माझ्या डोळ्यांत बघू शकेल का? तुम्हीही काही बोलायचं नाही. शपथ आहे."

मी शपथ पाळली. आमच्या भागात माणसं एकमेकांच्या मयताचे खड्डे खणतात, पण जे न बोलता चालतं त्याला शब्द लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सण होता. डिंफ्नानं क्रूस विणला नाही, पलीकडे गेली नाही. संध्याकाळी गोठा धुतला, मग पुन्हा धुतला.

नंतर पॅकीनं सांगितलं, त्या दिवशी तो आयव्हरकडे थांबला होता. टेबलावर चांगले कप काढलेले होते, फळांचा केक होता, आणि आयव्हर कोट घालून बसला होता. पॅकीला त्यानं केक दिला नाही. "कुणाची वाट बघतोस?" असं विचारल्यावर म्हणाला, "कुणाची नाही."

हे मी डिंफ्नाच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "त्या साहेबांची बघत असेल."

फेब्रुवारी तसाच गेला. ती रेडिओशी भांडेनाशी झाली, नुसता ऐकायची. रेडिओवर रोज 'करार झाला नाही तर' हे चार शब्द यायचे आणि ती बोटांवर गाई मोजल्यासारखं काहीतरी करायची. अंगणातल्या गवताच्या गंजीमागची भिंत आता दिसू लागली होती. ते कुरण गेलं तर पुढच्या हिवाळ्यात निम्म्या गाईंना खायला काय? आणि मार्च उलटल्यावर सगळेच विकायला निघाले तर घेणार कोण? शेवटी तिनं टर्लोला बोलावलं. टर्लो म्हणजे गुरांचा व्यापारी. माणूस वाईट नाही, पण त्याची लॉरी अंगणात शिरली की कुत्रीसुद्धा गप्प होतात.

त्या सकाळी तिनं निम्म्या गाई वेगळ्या काढून बांधल्या. त्यात ती म्हातारी तांबडी होती, जिला ती 'आजीबाई' म्हणते.

टर्लोनं पाठी चाचपल्या, दात बघितले. भाव बोलला. डिंफ्नानं नेहमीसारखी घासाघीस केली नाही. एवढंच म्हणाली, "तांबडीला वेगळं बांध लॉरीत. तिला ढकललेलं चालत नाही."

आमच्याकडे सौदा ठरतो तो हातावर हात पडल्यावर. आणि घेणारा-देणारा अडले, तर तिसरा कुणीतरी दोघांचे हात धरून एकमेकांवर आपटतो. एकदा हात पडला की सौदा मोडत नाही; मोडणाऱ्याला पुढे कुणी दारात उभं करत नाही. टर्लोनं तळहातावर थुंकून हात पुढे केला. डिंफ्नाचा हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. टर्लोनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी तिसरा व्हावं. मी अनेक राज्यं जिंकली, गमावली, पण त्या घटकेला माझे हात खिशातून निघेनात.

तेवढ्यात खालच्या चढावरून आयव्हर आला. रस्त्यानं नाही, सरळ ओढ्याकडून. धापा टाकत, हातात टोपी. टर्लोला हायसं वाटलं. "ये बाबा नेस्बिट, वेळेवर आलास. घाल हातावर हात."

आयव्हरनं डिंफ्नाचं मनगट धरलं. मला वाटलं, झालं. पण त्यानं तो हात टर्लोपासून बाजूला ओढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काय चाललंय पोरी? लॉरी दिसली मला माझ्या खिडकीतून."

"विकतेय," डिंफ्ना म्हणाली. "तुमच्या कुरणाशिवाय काय खायला घालू? दगड घालू?"

"माझ्या कुरणाशिवाय? तूच आली नाहीस! मी केक आणला होता."

"तुम्ही फाटकाला साखळी लावलीत!"

"जेसीबी चोरीला जाईल म्हणून लावली. भाड्याचा आहे तो!"

"आणि लव्हाळ्यांवर दगड?"

"मग कुठं टाकू? काठ तेवढाच खाली आहे. तिथूनच ट्रॅक्टर ओढ्यातून येईल." तो एकदम थांबला. चर्चचा वडीलधारा माणूस माझ्याकडे, टर्लोकडे बघून लाल झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "रस्ता बंद केला तर तुझे गठ्ठे यायचे कुठून? म्हणून उतार बांधला. पाण्याखाली दगड बसवलेत. मी आता त्यावरूनच आलो, बूटसुद्धा नीट भिजले नाहीत."

पहिला टर्लो बोलला. "म्हणजे प्रेस्बिटेरियन चर्चनं चोरवाट काढली."

"गवताची वाट आहे ती," आयव्हर म्हणाला. "तू तुझी लॉरी काढ."

टर्लोनं थुंकलेला हात पँटला पुसला. रागावला नाही. जाताना खिडकीतून डिंफ्नाला म्हणाला, "एप्रिलमध्ये परत येतो, बॉयलनबाई. तेव्हा हा भाव नसेल, ते लक्षात ठेव."

ते तिच्या लक्षात राहिलं. मला चेहऱ्यावर दिसलं.

दुपारी तिनं आपल्याच बाजूच्या डबक्यातून लव्हाळी उपटली. फेब्रुवारी सरता सरता ती राठ झाली होती, वाकताना तुटत होती. क्रूस वाकडा झाला. आम्ही दोघं नव्या उतारावरून पलीकडे गेलो. तिनं माझा कोपर धरला होता, की मी तिचा, ते सांगता येणार नाही. पाणी घोट्यापर्यंत होतं. वर डोंगरात पाऊस झाला की ते किती चढेल, हे ती पावलोपावली बघत होती.

आयव्हरनं क्रूस रांगेत ठोकला. "वाकडा आहे," तो म्हणाला.

"मेंढ्या तक्रार करतील?"

"त्यांना सवय आहे."

केक शिळा झाला होता. चहात बुडवून खाल्ला. त्याच्या रेडिओवर पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा तो उठून बटण बंद करून आला. निघताना तो दारात उभा राहिला आणि त्यानं आकाशाकडे पाहिलं. नट आपली ओळ विसरतो की काय, असं विंगेत उभ्या माणसाला होतं, तसं मला झालं होतं.

"गवत यंदा उशिरा येईलसं दिसतंय," आयव्हर म्हणाला.

इथं डिंफ्नानं कधीच काही म्हणायचं नसतं. मान हलवायची आणि निघायचं. ती निघालीही. फाटकापाशी पोचली, साखळीवर हात ठेवला आणि वळली.

"येईल ना पण, आयव्हर?"

तो आकाशाकडेच बघत राहिला. पुलाकडून एक गाडी आली. ती रस्ता मोजणाऱ्यांची तर नाही, वेग कमी करते आहे का, हे ऐकत आम्ही तिघंही तसेच उभे होतो. गाडी न थांबता पुढे निघून गेली.